डोक्यात जाणारे शब्द: तोंडावर सांगता की गिळता?

रिकामटेकडी :
काही वाक्यं समोरच्याच्या तोंडून निघाली रे निघाली की माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. माणूस वाईट नसतो, हेतू वाईट नसतो, वाक्यही तसं निरुपद्रवी असतं. पण डोक्यात जातं म्हणजे जातं.

माझ्या यादीत पहिल्या नंबरावर 'तुझं बरं आहे बाई'. घरून काम करते, तुझं बरं आहे. मुलं मोठी झाली, तुझं बरं आहे. नवरा फिरतीवर असतो, कटकट नाही, तुझं बरं आहे. मध्यंतरी तापाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही एकीने फोनवर 'तुझं बरं आहे, सक्तीची विश्रांती' म्हणून घेतलं. यात कौतुक नाही, चौकशी नाही, धड मत्सरही नाही. समोरचीचे कष्ट एका फटक्यात शून्यावर आणायचे आणि आपण किती सोसतोय ते न बोलता सांगून टाकायचं, बास.

दुसऱ्या नंबरावर 'राग मानू नकोस, पण…'. ही तर राग येणार याची आगाऊ पावती.

तर दोन प्रश्न. एक, तुमच्या डोक्यात जाणारे शब्द कोणते? आणि दुसरा, जो मला खरा छळतोय: तुम्ही ते समोरच्याला सांगता का? सांगितल्यावर काय होतं? मी आजवर गिळत आलेय. आता पोट भरलंय.

टिंब_टिंब :
अ‍ॅक्च्युअली बेसिकली तू जे म्हणतेयस ना ते लिटरली बरोबर आहे.

(पळा)

साधीसुधी :
'मी म्हटलंच होतं.' यापुढे काहीही नाही. सविस्तर नंतर लिहिते.

अर्धविराम :
माझा राग व्याकरणाचा आहे, आधीच सांगतो.

'ती मला बोलली की उद्या येते.' अहो, बोलली नाही, म्हणाली! 'मला बोलली' याचा अर्थ मला रागावली. त्यामुळे कोणी 'आई मला बोलली' अशी सुरुवात केली की मी आधी विचारतो, का रे, काय केलंस?

तीच गत 'भेटणे'ची. माणसं भेटतात, वस्तू मिळतात. 'किल्ली भेटली का?' हो, भेटली. घरचे सगळे बरे आहेत म्हणाली.

शिवाय 'माझी मदत कर', 'खूप सारे', 'मला माहिती आहे' आणि 'मी आपले धन्यवाद मानतो'. आभार मानतात, धन्यवाद देतात. एवढं अवघड आहे का?

घुबड :
किल्लीला दंडवत.

विदर्भकन्या :
हे येणार याची वाटच बघत होते.

अर्धविराम, आमच्याकडे किल्ली भेटतेच. माझ्या आजीला भेटायची, तिच्या आईलाही भेटायची, आणि कुलूप प्रत्येक वेळी उघडायचं. तुम्हाला जो शब्द चुकीचा वाटतो तो कोणाच्या तरी घरचा आहे. आम्ही 'काय करून राहिली' म्हणतो तेव्हा ते कुठल्या मालिकेतून उचललेलं नसतं.

शाळेत असताना 'पानी' म्हटलं म्हणून बाईंनी मला उभं करून 'पाणी' म्हणायला लावलं, 'ण' नीट येईपर्यंत. वर्ग खिदळत होता. 'ण' आला. पण नंतर कितीतरी वर्षं उत्तर येत असूनही मी वर्गात हात वर केला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, हे दोन राग वेगळे आहेत. रिकामटेकडीचं 'तुझं बरं आहे' कुठल्याही बोलीत म्हणा, सारखंच बोचेल, कारण बोलणाऱ्याला ते बोचवायचंच आहे. 'किल्ली भेटली'मध्ये कोणाला काय बोचवायचं होतं? हे दोन्ही एका यादीत घालू नका.

अर्धविराम :
माझा रोख बोलीवर नव्हता. लेखी मराठीत, बातम्यांत, पाठ्यपुस्तकांत हे दिसतं त्याबद्दल बोलत होतो.

विदर्भकन्या :
उदाहरण तर किल्ली शोधणाऱ्या माणसाचं दिलंत. संपादकाचं द्यायचं होतं.

उंटावरचा_शहाणा :
पहिल्या पानावर प्रमाणभाषा आली. मी स्वतःशीच पैज लावली होती, स्वतःच जिंकलो. आता शुद्धलेखनाचे नियम, मग इंग्रजी माध्यम, मग 'आमच्या वेळी'. क्रमाने येऊ द्या, ढकलाढकली करू नका. (हलके घ्या.)

बोरूबहाद्दर :
दोघांच्या मध्ये पाय घालतो.

शब्दांवरून चिडण्यात आपल्याकडे फार मोठी माणसं होऊन गेली आहेत. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, महापौर, चित्रपट हे शब्द त्यांचे. 'महापौर' आज कोणालाच खटकत नाही. पण दिनांक आला म्हणून तारीख काही गेली नाही. फॉर्मवर दिनांक आणि तोंडात तारीख, दोघं सुखाने नांदतायत. फक्त, मदत, हजर, जरूर हे अरबी-फारसीतून आलेले शब्द आपण अस्सल मराठी म्हणून वापरतो. अर्धविराम 'माझी मदत कर'वर चिडतात तेव्हा त्यांचा राग 'माझी'वर असतो. 'मदत'वर रागावणारे केव्हाच थकले.

दुसरी गोष्ट. आर्नल्ड झ्विकी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एका भ्रमाला नाव दिलं. एखादा प्रयोग आपल्या कानाला नुकताच खुपायला लागला की तो भाषेतच नुकता घुसलाय असं आपल्याला वाटतं, तो हा भ्रम. टिंब_टिंबच्या 'लिटरली'चंच घ्या. शब्दशः खरं नसताना लिटरली म्हणणं हे आजच्या पोरांचं पाप समजतात, पण मेरियम-वेबस्टरच्या कोशात हा वापर १९०९ पासून नोंदलेला आहे. आणि आपण काय कमी आहोत? 'भयंकर आवडलं', 'बेक्कार हसलो', 'मेलो हसून'. मेलेला माणूस पुढचा मेसेज कसा टाईप करतो, हे एकदा समजून घ्यायचं आहे.

टिंब_टिंब :
बोरूबहाद्दर, मी पळून गेलो होतो, तरी पकडलंत.

घुबड :
मला व्याकरण वगैरे काही नाही. मला फक्त 'या ठिकाणी' हवं आहे. म्हणजे नको आहे.

'या ठिकाणी मी या ठिकाणी उपस्थित असलेल्या सर्वांचं या ठिकाणी स्वागत करतो.' अरे, एकच ठिकाण आहे, सगळे तिथेच बसलेत, कोणी हरवलेलं नाही. 'इथे' या शब्दाने यांचं काय घोडं मारलंय? बातम्या देणारेही तसलेच. 'आपण पाहू शकता, पाऊस सुरू झालेला आहे, या ठिकाणी लोक जे आहेत ते छत्र्या ज्या आहेत त्या उघडताना आपल्याला पाहायला मिळत आहेत.' लोकांनी छत्र्या उघडल्या! दोन सेकंदांचं काम.

आणि सरकारी पत्रं. 'सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही करणेत येत आहे.' कोण करतंय? कधी करतंय? कर्ता नावाचा प्राणी त्या वाक्यात शोधून दाखवा. माझ्या एका अर्जावर हे उत्तर आलं तेव्हा मी भाबडेपणाने समजलो की कोणीतरी काहीतरी करतंय.

पाचोळा :
@घुबड, कर्ता न सापडणारी वाक्यं खासगी नोकरीतही भरपूर मिळतात, तिथे ती टाय लावून येतात इतकंच.

माझा नैवेद्य: 'जेंटल रिमाइंडर'. जेंटल कसला? शुक्रवारी संध्याकाळी पाठवतात, माझ्या साहेबांना कॉपीत ठेवून. गळा दाबायचा आणि वर जेंटल म्हणायचं. 'जरा कनेक्ट होऊया', 'एकदा अलाइन होऊन घेऊ', 'मी चेक करून रिव्हर्ट करतो'. यातल्या प्रत्येकाचं भाषांतर एकच, आत्ता मला टाळायचं आहे.

अमेरिकेत लेक सुपीरियर स्टेट युनिव्हर्सिटी १९७६ पासून दरवर्षी हद्दपार करायच्या शब्दांची यादी काढते. लोक हौसेने नावं पाठवतात, यादी छापून येते, आणि सोमवारी मीटिंगमध्ये तेच शब्द हजर. ती यादी मी एकदा ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. खाली पहिला प्रतिसाद काय आला असेल? 'ग्रेट शेअर! यावर एकदा कनेक्ट होऊया.'

'प्रीपोन'ला मात्र कोणी हात लावायचा नाही. तो आपला आहे आणि कामाचा आहे. पुढे ढकलायला शब्द आहे, अलीकडे ओढायला का नको?

झुंजूमुंजू :
'काकू'.

मी पस्तिशीची आहे. बसमध्ये एक दाढीवाला, माझ्याहून नक्की मोठा, 'काकू, जरा सरकता का?' मी सरकले नाही.

साधीसुधी :
झुंजूमुंजू, अजून 'मावशी' यायची आहे. धीर धर. आणि एक दिवस कोणीतरी उठून जागा देतं, 'बसा आजी' म्हणून. त्या दिवशी राग आणि जागा दोन्ही एकदम मिळतात, कशाला नाही म्हणायचं ते कळत नाही.

झुंजूमुंजू :
आणि 'माझे मिस्टर'! हा शब्द ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. 'मिस्टरांना विचारून सांगते.' नवरा म्हणायला काय होतं?

उंटावरचा_शहाणा :
नवरा म्हटलं की उद्धट वाटतं, पती म्हटलं की पत्रिकेतलं वाटतं, यजमान म्हटलं की घरमालक वाटतो, हे म्हटलं की कोण ते कळत नाही, आणि नावाने हाक मारली की सासूबाई बघतात. उरलं काय? मिस्टर. बिचारी इंग्रजी तरी उपयोगी पडली.

पुरुषांचंही तेच. 'मिसेस', 'आमच्या घरी', 'आमची मंडळी'. एका माणसाची मंडळी कशी होते हा गहन प्रश्न आहे.

विदर्भकन्या :
माझी आई बाबांना आजतागायत 'अहो' म्हणते. गर्दीत तिने 'अहो' म्हणून हाक मारली की दहा-बारा माणसं वळून बघतात आणि बाबा सोडून सगळे 'काय?' म्हणतात.

अर्धविराम :
हा प्रतिसाद आवडला. (तह समजायला हरकत नाही.)

कसंतरी_डॉक्टर :
पेशाने डॉक्टर आहे. आयडी कुठून आला ते सांगतो.

'काय होतंय?'
'कसंतरी होतंय.'
'कसंतरी म्हणजे कसं? दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय?'
'तसं नाही हो. कसंतरीच होतंय.'

सुरुवातीला मी मनातल्या मनात केस उपटायचो. आता 'कसंतरी' म्हणताना हात कुठे जातो ते बघतो. छातीवर गेला तर सगळं बाजूला ठेवून आधी ईसीजी. पोटावर गेला तर बसायला सांगून सावकाश विचारतो. हात नुसता हवेत फिरला तर घरी काय चाललंय ते विचारतो, आणि बहुतेकदा रोग तिथेच सापडतो. तेव्हा या शब्दावरचा माझा राग गेला, आयडी राहिला.

ज्या वाक्यांचा राग यायला हवा ती आमच्याच लोकांची आहेत. 'घाबरण्यासारखं काही नाही.' हे ऐकून आजवर कोणाचा घाबरटपणा कमी झालेला मी पाहिला नाही, उलट तोवर न घाबरलेला माणूस घाबरतो. 'मुंगी चावल्यासारखं वाटेल.' कुठली मुंगी? आणि सत्तरीच्या माणसाला 'आता आपण शहाण्यासारखं औषध घ्यायचं हं'. त्यातला 'आपण' ऐकून एक आजोबा मला म्हणाले होते, 'तुम्ही आधी घ्या, मग मी घेतो.'

रिकामटेकडी :
डॉक्टर, आजोबांना माझा नमस्कार सांगा. आणि 'शांत हो' राहिलंच की लोकहो. शांत असलेल्या माणसाला तीनदा 'शांत हो' म्हणून बघा काय होतं ते.

मिश्किल :
मला अर्थाशी घेणंदेणं नाही, मला आवाजच सहन होत नाहीत. 'लिबलिबीत', 'ओशट', 'बुळबुळीत'. लिहितानाही अंगावर काटा आला. कोणाला असं होतं का, की मीच विचित्र?

बोरूबहाद्दर :
मिश्किल, तुम्ही एकटे नाही. इंग्रजीत 'मॉइस्ट' या शब्दाचा अनेकांना असाच तिटकारा आहे, इतका की २०१६ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. लोक दोष आवाजाला देतात. संशोधकांना मात्र आवाजाऐवजी शरीरातल्या स्रावांची आठवण हे कारण जास्त जुळताना दिसलं. तुमचे तिन्ही शब्द बघा, हाताला काय लागतंय ते डोळ्यांपुढे येतंच. 'झुळझुळीत' आणि 'बुळबुळीत' यांच्या आवाजात फरक कितीसा आहे? एकाची साडी नेसतात, दुसऱ्यावरून घसरतात.

मिश्किल :
जेवायच्या वेळी हा प्रतिसाद वाचला. धन्यवाद मानतो.

अर्धविराम :
मुद्दाम. कळतं मला.

घुबड :
'हम्म' आणि 'के' कोणीच कसं लिहिलं नाही? मी चार परिच्छेदांचं मन मोकळं करावं आणि खाली एक 'के' यावा. ओके हाच मुळी १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात गमतीने केलेला संक्षेप. 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून. त्या दोन अक्षरांतलंही एक यांना जड होतं.

कानाडोळा :
बराच वेळ नुसती वाचतेय, आता थोडं उलटं बोलते.

सकाळी फाटकाशी कोणी विचारतं, 'काय, निघालात का?' पिशवी खांद्याला, चप्पल पायात, कुलूप हातात. दिसतंय की निघालेय. दुपारी फोन येतो, झोपेतला आवाज ऐकून पलीकडची विचारते, 'झोपली होतीस का?' संध्याकाळी, 'आलात का?' पूर्वी वाटायचं, लोकांना डोळे नाहीत का?

मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये अशा बोलण्याबद्दल लिहिलंय. यातून माहिती द्यायची-घ्यायची नसते. दोन माणसांत काही बिघडलेलं नाही एवढं एकमेकांना कळवायचं असतं. 'निघालात का' याचं उत्तर कोणालाच नको असतं. ते विचारणं थांबलं की समजायचं काहीतरी बिनसलंय. आमच्या शेजारच्या काकांशी पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं होतं, तेव्हा कित्येक महिने 'निघालात का' बंद होतं. मग एक दिवस आपणहून आलं, 'काय, आज उशीर?' टाकीचा विषय दोघांनीही काढला नाही आणि भांडण मिटलं.

'बाकी काय?', 'मग, अजून काय?' ही तसलीच पोकळ वाक्यं. पण फोन ठेवायचा नसतो आणि बोलायला काही नसतं, तेव्हा माणसाने करायचं काय?

पाचोळा :
'बाकी काय'ला तरी माझी सूट नाही. 'बाकी काय' चार वेळा आलं की समजायचं, फोन ठेवायचाय पण आपण ठेवला असं व्हायला नकोय.

साधीसुधी :
सविस्तर लिहिते म्हटलं होतं. कानाडोळाने लिहिलेलं पटलं, तरी एका जागी मला ते लागू करता येत नाही.

बाबा गेले तेव्हा घरात माणसांची रीघ होती. 'जे होतं ते चांगल्यासाठीच होतं.' 'सुटले बिचारे.' 'आता तूच खंबीर राहायला हवं.' 'वय झालंच होतं.' एकजण तर म्हणाले, 'मी म्हटलंच होतं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.' माझ्या बाबांचं मरण कोणाच्या चांगल्यासाठी होतं? लोकांना काय बोलावं ते सुचत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सुचत नसेल तर गप्प बसायची सोय आहे ना?

आणि 'काही लागलं तर हक्काने सांग'. हे सगळेच म्हणाले. मनापासून म्हणाले असतील. पण काय लागतंय ते ठरवायचं कोणी? मी. मग कोणाला सांगायचं ते निवडायचं, फोन करायचा, संकोच गिळायचा, सगळं मीच. त्या दिवसांत मला स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या एक बाई आल्या, फारशी ओळखही नव्हती. हे यातलं एकही वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. टेबलावर बाबांच्या कागदांचा ढीग पडला होता. त्या म्हणाल्या, 'मी बँकेत होते, हे लावून देऊ का?' आणि बसल्या. पासबुकं एकीकडे, विम्याचे कागद दुसरीकडे, मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती लागतील ते एका चिठ्ठीवर, कुठल्या कागदावर माझी सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली. उठताना 'उद्या अकराला येते' म्हणाल्या आणि अकराला आल्या.

कसंतरी_डॉक्टर :
साधीसुधी, हे वाचून आमच्या नर्सना दाखवणार आहे. 'पेन्सिलने बारीक फुली' यातच सगळं आलं.

पाचोळा :
'काही लागलं तर सांग'ची बाजू थोडी घेऊ का? मी हे म्हणतो, कारण न विचारता घुसणारी माणसंही पाहिली आहेत. माझ्या काकांच्या वेळी एका गृहस्थांनी न विचारता कपाट आवरलं आणि काकूंना हव्या असलेल्या वह्या रद्दीत गेल्या. त्या बाईंनीही 'लावून देऊ का' असं विचारलंच होतं की.

साधीसुधी :
बरोबर. पण त्यांनी एक काम नेमकं पुढे ठेवलं. मला फक्त मान हलवायची होती. तुमच्या 'काही'मध्ये आख्खं जग येतं हो.

पाचोळा :
मान्य. 'काही'च्या जागी काम घालायचं.

वेताळ_रात्रपाळी :
रिकामटेकडीच्या दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी सफाईने बगल दिली आहे. मी सांगून पाहिलंय, म्हणून लिहितो.

माझ्या भावाला 'मी म्हटलंच होतं'ची सवय. गाडी बंद पडली, मी म्हटलंच होतं. पावसात भिजलो, मी म्हटलंच होतं. शेवटी त्याला नीट बसवून सांगितलं की दादा, या वाक्याने मला आधीच्या नुकसानापेक्षा जास्त त्रास होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या वेळी माझा मोबाईल पाण्यात पडला. दादा आला, मोबाईलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'मी काही म्हणत नाही.'

हे त्याहून वाईट आहे हो! आणि आता त्यावर आक्षेपही घेता येत नाही, कारण तो खरंच काही म्हणत नाहीये.

टिंब_टिंब :
मेलो हसून. (बोरूबहाद्दर, टाईप करतोय तरीही.)

विदर्भकन्या :
मी सांगते, पण माझी पद्धत वेगळी आहे. 'हे म्हणू नका' एवढंच सांगितलं की माणूस अडखळतो, मग वेताळच्या दादासारखा दुसरा दरवाजा शोधतो. त्यापेक्षा काय म्हणावं ते द्यायचं. नणंद भेटली की पहिलं वाक्य 'किती बारीक झालीस' नाहीतर 'सुटलीस गं'. मी म्हटलं, ताई, मला वजनाचं विचारू नका, नवीन नोकरी कशी आहे ते विचारा, मला सांगायला आवडेल. तिचा चेहरा जरा पडला, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या भेटीत दारातच, 'नोकरी कशी आहे?' आणि मग अर्ध्या तासाने, न राहवून, 'पण बारीक झालीस हं.' एवढं चालतं.

अर्धविराम :
मी सांगतो, सांगत आलोय, आणि लोक मला टाळतात. नोंद असावी.

विदर्भकन्या :
@अर्धविराम, 'धन्यवाद मानतो' चुकतं हे मला खरंच माहीत नव्हतं, ते तुमच्याकडून घेतलं. बघा, 'माहीत' लिहिलंय. किल्ली मात्र भेटणार.

अर्धविराम :
भेटू द्या. तिलाही माझा नमस्कार सांगा.

रिकामटेकडी :
विदर्भकन्या, तुझी युक्ती काल वापरून पाहिली. मैत्रिणीचा फोन, तिसऱ्याच वाक्याला 'तुझं बरं आहे'. मी म्हटलं, 'असं म्हणू नकोस गं, तुझं काय बिनसलंय ते सांग.' पलीकडे शांतता. मग जे सुरू झालं ते पाऊण तास. सासऱ्यांचं दुखणं, रात्रीची जागरणं, नोकरी सोडावी लागेल की काय ही धास्ती. यातलं मला काही माहीत नव्हतं. राग गेला का? अर्धा. उरलेला अर्धा ठेवलाय, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला, 'मन हलकं झालं. तुझं बरं आहे, तुला ऐकून घ्यायला वेळ असतो.'

उंटावरचा_शहाणा :
हाहाहा. हा असाध्य रोग आहे. डॉक्टर?

कसंतरी_डॉक्टर :
घाबरण्यासारखं काही नाही.

झुंजूमुंजू :
एक राहिलं. 'काय झालं?' 'काही नाही.' 'अगं, काय झालं?' 'काही नाही म्हटलं ना!' हे आमच्या मिस्ट… नवऱ्याचं आवडतं वाक्य. यावर वेगळा धागा काढावा लागेल.

घुबड :
काढ. या ठिकाणी मावणार नाही.